पोलिसांच्या बजेटला कात्री लागली की शहरात नक्की काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत कॅम्डेन, डेट्रॉइटसारख्या शहरांनी पैसे नाहीत म्हणून पोलीस कामावरून काढले, तर त्याने गुन्हे खरंच वाढतात का, की ही सगळी पोलीस युनियनने घातलेली भीती असते?

दोन्ही खरं आहे. युनियन भीती घालते, अगदी ठरवून घालते, आणि तरीही गुन्हे वाढतात. पण किती पोलीस कमी झाले एवढंच बघत बसलो तर निम्मी गोष्ट कळतच नाही. कोणतं काम बंद पडलं ते बघायला पाहिजे. कॅम्डेन न्यूजर्सी राज्यात, फिलाडेल्फियाच्या शेजारी आहे. मी बरीच वर्षं त्याच राज्याच्या दक्षिण भागात, साउथ जर्सीत राहते, कामाला फिलाडेल्फियाला जाते, आमची पॅटको ट्रेन कॅम्डेनमधूनच जाते, त्यामुळे हे शहर पार तळाला गेलेलं आणि तिथून थोडं वर आलेलं दोन्ही बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भारतात पोलीस राज्य सरकारचे, महापालिका कंगाल झाली तरी हवालदाराचा पगार थांबत नाही. इथे तसं नाही. देशात साधारण १८,००० वेगवेगळी पोलीस खाती आहेत आणि त्यातली बहुतेक त्या त्या गावाच्या, शहराच्या किंवा काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) तिजोरीवर चालतात. ती तिजोरी भरते प्रॉपर्टी टॅक्स आणि सेल्स टॅक्सने. कारखाना बंद झाला, लोक सोडून गेले, घरांच्या किमती पडल्या की टॅक्स आटतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शहराला नोटा छापता येत नाहीत, बजेट तर जुळवावंच लागतं, आणि बजेटमधला सगळ्यात मोठा खर्च म्हणजे पोलीस आणि फायर ब्रिगेड. कॅलिफोर्नियातलं व्हॅलेहो २००८ च्या मे महिन्यात दिवाळखोरीत गेलं तेव्हा तिथल्या जनरल फंडातले, म्हणजे रोजच्या कारभाराच्या मुख्य तिजोरीतले, जवळपास तीन चतुर्थांश पैसे या दोन खात्यांवर जात होते. म्हणजे लायब्ररी बंद करा, बागा बंद करा, खड्डे तसेच ठेवा, तरी भागत नाही, शेवटी पोलिसांपर्यंत यावंच लागतं.

आणि इथे एक गोष्ट आहे जी बातम्यांत फारशी येत नाही. रिटायर झालेल्यांच्या पेन्शनला हात लावणं कायद्याने फार अवघड असतं. व्हॅलेहो आणि कॅलिफोर्नियातलंच स्टॉकटन, दोघांनी दिवाळखोरी काढली पण पेन्शन फंडाचे पैसे दोघांनीही भरतच ठेवले. मग कात्री कुणाला लागणार, तर आज ड्युटीवर असलेल्यांना, आणि त्यातही सहसा सिनिऑरिटीप्रमाणे, म्हणजे शेवटी भरती झालेला पहिला बाहेर. रस्त्यावर धावणारी तरुण पोरं जातात. मग गाड्या रिकाम्या राहू नयेत म्हणून डिटेक्टिव्हना परत युनिफॉर्म चढवून पेट्रोलिंगला काढतात. माझ्या मते खरं नुकसान इथून सुरू होतं, कारण फोन केल्यावर गाडी येणं हे काम लोकांना दिसतं, म्हणून ते कसंबसं टिकवलं जातं. जे काम कुणी फोन करून मागत नाही ते आधी मरतं. तपास, पुरावे तपासणं, साक्षीदाराकडे चार वेळा जाणं, वस्तीत चालत फिरणं.

कॅम्डेनमध्ये हेच झालं. एकेकाळी सव्वा लाख वस्तीचं शहर, आरसीए या रेडिओ-टीव्ही कंपनीचा कारखाना, कॅम्पबेल सूपचा कारखाना, न्यूयॉर्क शिपबिल्डिंगचं मोठं शिपयार्ड. शिपयार्ड १९६७ ला बंद झालं, बाकीचंही एकेक करत गेलं, वस्ती ७७,००० वर आली आणि शहर राज्य सरकारच्या मदतीवर जगायला लागलं. ती मदत आटली, बजेटमध्ये २.६५ कोटी डॉलरचा खड्डा पडला आणि १८ जानेवारी २०११ ला एका दिवसात १६८ पोलीस काढले, म्हणजे जवळजवळ निम्मं खातं. सोबत फायर ब्रिगेडचे ६७ लोक. नंतर त्यातले थोडे परत घेतले पण तोपर्यंत घडी विस्कटली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे जे उरले होते त्यांच्यातले पण बरेच जण रोज सुट्टीवर किंवा सिक लीव्हवर असायचे. २०१२ मध्ये त्या एवढ्याशा शहरात ६७ खून झाले. लाखामागे सत्त्याऐंशीच्या आसपास पडतात, तेव्हा अख्ख्या देशाची सरासरी पाचच्याही खाली होती. ड्रग्ज उघड्यावर विकायचे अड्डे पावणेदोनशेच्या घरात, आणि ते चालवणाऱ्याला माहीत होतं की कुणी विचारायला येणार नाही.

त्या काळात ट्रेनमध्ये एक नर्स नेहमी भेटायची, ब्रॉडवे स्टेशनला उतरायची, कॅम्डेनमध्येच जन्मलेली. तिला गोळीबाराची सवय झाली होती, तिचं दुःख वेगळंच होतं. तिच्या गल्लीत एका पोराचा खून झाला, कुणी केला ते गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि तो माणूस समोरच्या पायऱ्यांवर येऊन बसायचा. कुणी साक्ष देईना, कारण देणार कुणाला, एक डिटेक्टिव्ह एकदा येऊन गेला तो परत दिसलाच नाही. ती म्हणायची की पोरं हे बघतात ना, मग त्यांना कळतं की आपलं आपणच निपटायचं. आणि मग दुसरा खून पहिल्याचा बदला म्हणून होतो. न उलगडलेला खून असा पुढच्या खुनाला जन्म देतो, आणि आज पोलीस काढले की उद्या लगेच आकडा वर जातो असंही म्हणून होत नाही, सहा महिने वर्ष जातं.

हे फक्त खुनापुरतं नाही. माझ्या एका सहकाऱ्याची आई अशाच एका डबघाईला आलेल्या शहरात एकटी राहते, शहराचं नाव घेत नाही. घर फोडलं, मागच्या खिडकीची चौकट पहारीने उचकटलेली, खिडकीच्या काचेवर पंज्याचा चक्क पूर्ण ठसा. म्हातारीने कुणाला त्या खिडकीला हात लावू दिला नाही, वरून पेपर चिकटवून ठेवला की पोलीस येतील आणि ठसा घेतील. पोलीस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, चांगला वागला बिचारा, फॉर्म भरला, केस नंबर दिला आणि म्हणाला हा इन्शुरन्सला लागेल. ठसा? तर ठसे घेणारे लोक आता फक्त खुनाच्या आणि गोळीबाराच्या जागी जातात. तिने आठवडाभर तो पेपर काढला नाही. शेवटी मुलाने काच पुसली. आता मला सांगा, पुढच्या वेळी ती बाई फोन तरी करेल का? आणि लोकांनी फोन करणं सोडलं की आकड्यांत चोऱ्या कमी झालेल्या दिसतात, म्हणून अशा शहरांच्या चोऱ्यांच्या आकड्यांवर माझा अजिबात विश्वास नाही, खुनाचा आकडा तेवढा लपवता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने तर हे लिहूनच दिलं होतं. जुलै २०१० मध्ये ८० पोलीस काढले आणि तिथल्या पोलीस प्रमुखांनी ४४ प्रकारच्या तक्रारींची यादी दिली की यासाठी आता माणूस येणार नाही, ऑनलाइन रिपोर्ट भरा. चोरी, घरफोडी, तोडफोड, सगळं त्यात. निदान प्रामाणिकपणे सांगितलं असं म्हणता येईल, पण ते चोरांनीही वाचलंच की.

डेट्रॉइटचं काय सांगू. १९५० ला साडेअठरा लाख वस्ती, २०१३ पर्यंत सात लाखांच्या आसपास, आणि १८ जुलै २०१३ ला साधारण १८ अब्ज डॉलरचं ओझं घेऊन दिवाळखोरी. त्या वेळी आणीबाणी प्रशासक म्हणून आलेल्या केव्हिन ऑर यांच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की सगळ्यात तातडीच्या कॉललासुद्धा पोलीस पोचायला सरासरी ५८ मिनिटं लागतात, देशाची सरासरी ११. शहरातले ४० टक्के रस्त्यावरचे दिवे बंद. आणि सगळ्या गुन्ह्यांपैकी उलगडत होते फक्त ८.७ टक्के. त्याआधी काही काळ तर पोलीस ठाणी दुपारी चार ते सकाळी आठ लोकांसाठी बंद असायची, म्हणजे बघा, रात्री धावत पोलीस ठाण्यात जावं तर दाराला कुलूप.

पण डेट्रॉइटची जी गोष्ट मला अजून झोपू देत नाही ती वेगळी आहे. २००९ मध्ये पोलिसांच्या एका गोदामात ११,००० पेक्षा जास्त रेप किट सापडले, न तपासलेले. म्हणजे अत्याचार झालेल्या बाईने हॉस्पिटलमध्ये तासन्‌तास ती सगळी तपासणी सोसली, नमुने दिले, आणि तो डबा फळीवर पडून राहिला, काही डबे तर वीसेक वर्षं. तिथल्या सरकारी वकील किम वर्दी यांनी पैसे गोळा करून करून ते तपासून घेतले तेव्हा शेकडो असे पुरुष सापडले ज्यांनी एकापेक्षा जास्त बायकांवर अत्याचार केले होते, कितीतरी जणांनी दुसऱ्या राज्यांत जाऊन. पहिला डबा वेळेत उघडला असता तर पुढच्या बायका वाचल्या असत्या. हे सगळं पैशाच्या माथी मारायचं नाहीये मला, त्या बायका गरीब होत्या, बहुतेक काळ्या होत्या आणि पोलिसांनी त्यांचं खरंच मानलं नाही, हे पुढे झालेल्या अभ्यासातही आलंय. पण पैसे नाहीत म्हटलं की कुणाचं काम फळीवर टाकायचं ते अशाच नजरेने ठरतं. ज्याच्या मागे कुणी नाही त्याचं.

आता युनियनबद्दल. तुमचा संशय चुकीचा नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या तोंडाशी होतं तेव्हा पोलीस युनियनांनी पर्यटकांना वाटायला कवटीचं चित्र असलेली पत्रकं छापली, 'भीतीच्या शहरात स्वागत' अशा मथळ्याची, संध्याकाळी सहानंतर बाहेर पडू नका वगैरे. स्टॉकटनमध्ये २०१० ला युनियनने मोठे फलक लावले की कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या नंबरच्या धोकादायक शहरात तुमचं स्वागत आहे, पोलीस काढणं थांबवा, आणि खाली सिटी मॅनेजरचा फोन नंबर. डेट्रॉइटमध्ये २०१२ ला बेसबॉल मॅचला आलेल्या लोकांना पत्रकं वाटली, आपल्या जबाबदारीवर शहरात या म्हणून. मला हे फार वाईट वाटतं, कारण पगाराच्या भांडणात तुम्ही स्वतःच्याच शहराचं नाव मातीत घालता आणि उरलेसुरले दुकानदारही पळतात.

आणि न्यूयॉर्कचे आकडे बघितले तर युनियनचं भाकीत तंतोतंत खरं पण ठरलं नाही. १ जुलै १९७५ ला सुमारे ५,००० पोलीस काढले (दोनेक हजार लगेच परत घेतले), पण १९७६ मध्ये खून आदल्या वर्षीपेक्षा किंचित कमीच झाले, १,६४५ वरून १,६२२. पाचसहा वर्षांनी मात्र लूटमार आणि खून दोन्ही १९७५ च्या वर गेले होते. म्हणून एका वर्षाचा आकडा घेऊन कुणी वाद घालायला लागलं की मी त्यात पडत नाही.

मग पुरावा कुठे आहे? माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण आमच्याच राज्यातलं आहे. न्यूअर्क आणि जर्सी सिटी, शेजारशेजारची शहरं, २०१० मध्ये दोघांवर सारखीच वेळ आली. न्यूअर्कने नोव्हेंबरमध्ये १३ टक्के पोलीस काढले, जर्सी सिटीने कसंतरी करून लेऑफ टाळला. नंतर संशोधकांनी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बघितले तर न्यूअर्कमध्ये गुन्हे जर्सी सिटीच्या तुलनेत स्पष्ट जास्त, हिंसक पण आणि चोऱ्या पण. म्हणजे फरक पडतो. यावर मला तरी शंका उरलेली नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांवर झालेला आणखी एक अभ्यास सांगतो की साधारण दहा ते सतरा पोलीस वाढवले की वर्षाला एक खून कमी होतो, आणि त्याच अभ्यासात हेही आहे की जास्त पोलीस आले की किरकोळ गोष्टींसाठी अटकाही वाढतात आणि त्याचा मार काळ्या लोकांना जास्त बसतो. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची असतात, लोक आपल्याला हवं तेवढं एक उचलतात.

पण नुसती माणसं वाढवून भागत नाही हे स्टॉकटनने दाखवलं. तीनेक लाखांचं शहर, घरांचा फुगा फुटल्यावर देशात सगळ्यात जास्त घरं बँकांनी जप्त केलेल्या शहरांपैकी एक. पोलीस जवळपास चतुर्थांशाने कमी, २०११ मध्ये ५८ खून, २०१२ मध्ये ७१, त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी. आणि २०१३ मध्ये? ३२. निम्म्याहून खाली! पोलीस वाढवण्यासाठी लोकांनी सेल्स टॅक्स वाढवून घेतला तो नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे नवी भरती व्हायच्या आधीच खून उतरले होते. एकट्या एका कारणाला श्रेय देणं बरोबर नाही, पण मधल्या काळात त्यांनी सीझफायर नावाचा बंद पडलेला कार्यक्रम परत सुरू केला होता. साधी कल्पना आहे, शहरातला बहुतेक गोळीबार थोड्याशा टोळक्यांतली थोडीशी पोरं करतात, त्यांना नावानिशी ओळखायचं, समोर बसवायचं, वस्तीतले पाद्री आणि ज्यांची मुलं मेली त्या आया त्यांच्याशी बोलणार, नोकरी शिक्षण हवं तर मदत करणार, आणि पोलीस सांगणार की थांबला नाहीत तर पुढचं लक्ष तुमच्यावर. याला शेकडो पोलीस लागत नाहीत पण ज्यांना त्या पोरांची नावं माहीत आहेत असे थोडे लोक मात्र कायम लागतात, आणि कात्री लावताना हेच लोक आधी जातात, कारण कागदावर ते काही करताना दिसत नाहीत.

याची उलटी बाजू व्हॅलेहो. तिथे पोलीस दीडशेवरून नव्वदच्या आसपास आले, उरलेल्यांवर ओव्हरटाइमचा मारा, कमी झोप, प्रत्येक कॉलला एकटा माणूस. २०१२ या एका वर्षात तिथल्या पोलिसांच्या गोळ्यांनी सहा जण मेले, सव्वा लाखाच्याही आतलं शहर आहे हे लक्षात घ्या. पुढे २०२० मध्ये बाहेर आलं की काही पोलीस गोळीबारात माणूस मेला की आपल्या बॅजचं टोक वाकवून ठेवायचे, खूण म्हणून. थकवा हे याचं कारण नाही, हा सरळ सरळ विकृतपणा आहे, पण खात्यात माणसं इतकी कमी की वरिष्ठांनी तपासणी करायची कुणी आणि वाईट माणसाला काढून दुसरा आणायचा कुठून. आणि मग नुकसानभरपाईचे लाखो डॉलर परत त्याच फाटक्या तिजोरीतून जातात.

कॅम्डेनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १ मे २०१३ ला शहराचं पोलीस खातंच बरखास्त केलं आणि काउंटीच्या नावाने नवं उभं केलं. जुने करार मोडले, पगार कमी, त्या पैशात माणसं जास्त, ऑफिसच्या खुर्च्यांवर कमी आणि रस्त्यावर जास्त. मला आठवतं ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर नवी पोरं जोडीने चालत फिरायला लागली, दारोदार जाऊन नावं सांगायची. सुरुवातीला त्यांनी पण घोळ घातले, गाडीची काच काळी आहे, मागचा दिवा फुटलाय असल्या गोष्टींवर दंडाचा पाऊस पाडला, बळाचा वापर जास्त केल्याच्या तक्रारी वाढल्या, लोक ओरडले, नागरी हक्कवाल्या संघटनांनी लावून धरलं, मग नियम बदलले आणि २०१९ मध्ये बळ कधी वापरायचं याचं बरंच कडक धोरण आलं. २०२४ मध्ये तिथे १७ खून झाले. ६७ वरून १७. त्यात राज्याचा पैसा आहे, कंपन्यांना दिलेल्या टॅक्स सवलती आहेत, देशभरच खून कमी झाले तेही आहे. आणि जुन्या खात्यातल्या कित्येक पोलिसांची नोकरी आणि हक्काचे करार त्यात गेले, हेही खरंय, मला तो भाग अजून पटलेला नाही.

हे आत्ता का महत्त्वाचं, तर २०२१ मध्ये कोविडच्या मदतीचे ३५० अब्ज डॉलर राज्यांना आणि शहरांना मिळाले, अनेक शहरांनी त्यातून पोलीस आणि सीझफायरसारखी कामं चालवली. ते पैसे खर्चायची मुदत २०२६ च्या शेवटी संपते. त्यात एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने हिंसा रोखणाऱ्या कामांची बरीच अनुदानं मध्येच बंद केली. म्हणजे परत कात्री येणार, आणि येणारच असेल तर ती कुठे लागते ते बघा. इथे शहराच्या बजेटच्या मीटिंगा सगळ्यांना खुल्या असतात, तीन मिनिटं बोलायला मिळतं. मी आमच्या गावाच्या मीटिंगला हेच विचारते, डिटेक्टिव्ह किती उरलेत, गेल्या वर्षीच्या गोळीबारातले किती उलगडले, न तपासलेले पुरावे किती पडून आहेत आणि ओव्हरटाइम किती चाललाय. तुमचं कुणी इकडे राहत असेल तर त्यांनाही जायला सांगा.